साडेतीन किलो

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दोन महिने एका फाईलने खाल्ले.

परवा दुपारी ती फाईल झेरॉक्सला घेऊन गेलो. मे महिना, अकोला आणि दुपारचे तीन. ज्यांनी हे एकदा अनुभवलंय त्यांना पुढे काही सांगायला नको. जुन्या शहरातल्या आमच्या घरून निघालो, डोक्याला दुपट्टा गुंडाळला, दगडी पूल ओलांडून पलीकडे पोहोचेपर्यंत फाईलचं प्लास्टिक हाताला चटके देत होतं. दुकानातल्या पोराने फाईल उचलली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सर, हे सगळं काढाचं? तीन-तीन प्रती?"

"सगळं."

दुकानात कुरिअरचंही काम चालतं, त्यामुळे एक काटा असतो. पोराने गंमत म्हणून फाईल त्यावर ठेवली. ३ किलो ५४० ग्रॅम. "सर, एवढी तुरीची दाय घेतली असती तं महिना निघाला असता," तो म्हणाला. मीही हसलो. पण घरी येताना तो आकडा डोक्यातून जाईना. २४ वर्षांची नोकरी, साडेतीन किलो. आणि त्यात शिकवणं किती ग्रॅम असेल?

ही फाईल म्हणजे काय, ते आधी नातेवाईक मंडळींसाठी सांगतो. (तुमच्यातले जे मास्तर आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) माझी पुण्याची मावशी गेली २४ वर्षं मला 'आमचे प्राध्यापक' म्हणते. कागदोपत्री मी अजून प्राध्यापक नाही. २००१ साली लागलो तेव्हा मी 'अधिव्याख्याता' होतो. २०१० च्या यूजीसीच्या नियमांनी तो शब्दच पुसला आणि आम्ही 'सहायक प्राध्यापक' झालो. मग 'सहयोगी'. आता 'प्राध्यापक' होण्यासाठी ही फाईल. आमच्याकडे पुढची श्रेणी नुसत्या सेवेच्या वर्षांवर मिळत नाही, आपला 'विकास' झाला हे सिद्ध करावं लागतं. वर्ग किती घेतले, कोर्स कोणते केले, शोधनिबंध किती छापले, कोणत्या समितीवर होतो, सगळ्याला कागद लागतो. कागद नसेल तर ते घडलंच नाही.

या कागदांची सुरुवात तशी चांगल्या हेतूने झाली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात असं म्हटलं गेलं की कॉलेजात शिकवणाऱ्याला शिकवण्याचं शिक्षण कोणी देतच नाही. खरंच आहे. पहिलीला शिकवायला डी.एड. लागायचं, आठवीला शिकवायला बी.एड., आणि बी.ए.ला शिकवायला एम.ए. झालं की पुरे! म्हणून १९८७ नंतर देशभर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. नव्या लोकांना ओरिएंटेशन, जुन्यांना रिफ्रेशर. २०१५ साली त्यांचं नाव बदलून मानव संसाधन विकास केंद्र झालं आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनची केंद्रं आहेत. पाट्या तीन बदलल्या.

मी २००४ साली चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स केला. कुठे ते सांगत नाही. चार आठवड्यांत शिकवावं कसं, याबद्दल जी व्याख्यानं झाली ती सगळी एक माणूस बोलतो नि साठ माणसं ऐकतात, अशीच झाली. गटचर्चेचं महत्त्व आम्हाला दीड तास न थांबता सांगण्यात आलं. पण एक कबूल करायला हवं. संध्याकाळी मेसमध्ये, वांग्याच्या भाजीवर टीका करता करता जे ऐकायला मिळालं ते मोलाचं होतं. गडचिरोलीकडून आलेला एक जण मुलांना आठवडी बाजारात घेऊन जायचा आणि भाव लिहून आणायला सांगायचा. मी ते वहीत लिहून घेतलं. नंतर वही कपाटात गेली आणि प्रमाणपत्र फाईलमध्ये.

माझा विषय अर्थशास्त्र. पहिली दहा वर्षं मी कसा शिकवायचो? व्याख्या सांगायचो, आकृती काढायचो, वैशिष्ट्यं एक ते आठ. मुलं लिहून घ्यायची. "समजलं का?" असं विचारायचो, पहिल्या बाकावरून "हो सर" यायचं आणि मी पुढे जायचो. कोणी तक्रार केली नाही. तक्रार करायला वर्गात काहीतरी वेगळं पाहिलेलं असावं लागतं ना.

मग २०१० चे नियम आले आणि त्यांच्यासोबत एपीआय. म्हणजे गुण. पहिला गट अध्यापनाचा, दुसरा उपक्रमांचा, तिसरा संशोधनाचा. पहिल्या गटात १२५ पैकी निदान ७५ लागायचे आणि ते आपले आपण भरायचे. सगळेच भरभरून भरायचे, त्यामुळे त्यात फरक पडायचा नाही. फरक पडायचा तिसऱ्या गटात. चांगल्या जर्नलमध्ये निबंध आला की १५, नुसतं आयएसएसएन असलेल्यात १०. राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की साडेसात, आंतरराष्ट्रीय असली की १०. झालं! गल्लीगल्लीत आंतरराष्ट्रीय परिषदा सुरू झाल्या. नेपाळचा एक पाहुणा आला की परिषद आंतरराष्ट्रीय. जर्नलंही निघाली, पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या. पुढे २०१८ साली यूजीसीनेच आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं एका झटक्यात काढून टाकली, यावरून काय चाललं होतं याची कल्पना येईल. नंतर 'केअर' नावाची यादी आली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली.

मी वेगळा होतो असं समजू नका. २०१३-१४ या एका वर्षात मी पाच परिषदा केल्या. एका निबंधासाठी अडीच हजार रुपये भरले. तो निबंध संपादकाने तरी वाचला असेल का, शंका आहे, कारण त्यात एक परिच्छेद चुकून दोनदा छापला गेलाय. या फाईलमध्ये तो आहे, पान २१७. आठवड्याला १६ तास वर्ग असतात. परिषदेला गेलो की बुडलेले तास 'जादा तास' म्हणून घ्यायचो, म्हणजे एका तासात दोन धडे लिहून द्यायचो. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा कागदही फाईलमध्ये आहे.

त्या वर्षी आमच्याच भागातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. वडील दालमिलमध्ये कामाला, आई घरी शिवण करायची. परीक्षेत ती अर्थशास्त्रात नापास झाली. मला कळलंसुद्धा नव्हतं. एक दिवस तिची आई ब्लाउज द्यायला घरी आली तेव्हा माझ्या आईशी बोलली. मी आतल्या खोलीत होतो. "सर अथीसाच राह्यतात म्हनून लय भरोसा होता मावशी," ती म्हणाली. रागाने नाही, सहज. "पोट्टी म्हने, सर कॉलेजात नसतातच. असले तं घाईत असतात. इचाराचं कवा?"

मुलीचं नाव पुढच्या वर्षीच्या हजेरीत नव्हतं. दिवाळीनंतर लग्न झालं.

आता तुम्ही म्हणाल, एका विषयात नापास झाली म्हणून कोणी शिक्षण सोडतं का? घरची परिस्थिती असेल, स्थळ चांगलं आलं असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. असेलही. पण त्या वर्षाच्या एपीआयची बेरीज माझ्या सगळ्या वर्षांतली सगळ्यात मोठी आहे. कागदावर मी तेव्हा जितका विकसित होतो तितका आधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

हे मी कोणाला सांगितलं असेल तर आमच्या सरांना. इतिहासाचे सर, जुन्या शहरातच राहतात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. १९९२ ला लागले. १९ सप्टेंबर १९९१ पासून नेट सक्तीची झाली होती, पण पात्र उमेदवार मिळत नव्हते म्हणून एप्रिल २००० पर्यंत महाराष्ट्रभर हजारो जागा नेट-सेट नसलेल्यांनी भरल्या. आपल्या राज्याची सेट परीक्षाच मुळी १९९५ ला सुरू झाली. मग ही माणसं अडकली. शिकवायला चालत होती, पुढच्या श्रेणीला चालत नव्हती. २०१३ साली ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत प्राध्यापकांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला, तो आठवत असेल तुम्हाला; त्यात हा एक मोठा प्रश्न होता. जूनमध्ये शासन निर्णय निघाला आणि सेवा धरली ती त्या निर्णयाच्या तारखेपासून! आधीची वीसेक वर्षं मोजणीतून गेली. बरीच प्रकरणं कोर्टात गेली. आमचे सर मात्र कोर्टात गेले नाहीत. म्हणाले, "मले शिकवाले वेळ पुरत नाही, तारखा कवा करू?"

कॉलेजात सरांच्या वर्गाबाहेर दुसऱ्या वर्गाची मुलं उभी राहून ऐकायची. एवढंच सांगतो.

त्यांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझा तास सुरू झाला तर हे शेवटच्या बाकावर येऊन बसलेले. मला घाम फुटला. नोकरीला १३ वर्षं झाली होती, आणि माझ्या वर्गात दुसरा शिक्षक बसण्याची ती पहिली वेळ होती. विचार करा मंडळी. सर्कशीतला माणूससुद्धा दोरीवर चालतो तेव्हा खालून कोणीतरी अनुभवी माणूस पाहत असतो. आमच्यात नेमणुकीच्या मुलाखतीत दहा मिनिटं कोणी ऐकलं तर ऐकलं, त्यानंतर निवृत्तीपर्यंत दार बंद.

सर आठवडाभर बसले. शनिवारी चहा घेताना म्हणाले, "तू कोनाले शिकवून राह्यला होता? फळ्याले का पोट्ट्यायले?"

"म्हणजे?"

"तू बोलतं तवा फळ्याकडं पाहतं. समजलं का म्हनून इचारतं तवा पह्यल्या बाकाकडं. माह्या आजूबाजूले अकरा पोट्टे होते, त्यातल्या सहा जनायजवळ पुस्तक नाही. तुले मालूम होतं?"

नव्हतं मालूम.

"आन् व्याख्या पह्यले काहून सांगतं? मी इतिहासवाला मानूस, मले तं काहीच समजलं नाही. मागणीची लवचिकता म्हंजे काय, रबर आहे का ते?"

मग त्यांनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाबद्दल सांगितलं, जो माझ्या लेखी 'ढ' होता. आमच्याकडे श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड असते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन मंडळं रात्रभर पायी येतात आणि राजराजेश्वराला अभिषेक होतो. हा मुलगा त्यांच्या मंडळाचा सगळा हिशेब सांभाळायचा. वर्गणी किती, भरणे भाड्याने घ्यायचे की विकत, डीजेवाल्याला कोणत्या दिवशी गाठलं की भाव उतरतो. "त्याले किंमत समजते, मागणी समजते," सर म्हणाले. "फक्त तुह्या तोंडून आली की समजत नाही."

रात्री झोप लागली नाही, हे खरं सांगतो.

त्यानंतर मी सरांच्या वर्गात जाऊन बसायला लागलो, ते माझ्या. त्यांची एक सवय उचलली. तास संपायला पाच मिनिटं असताना मुलांना चिठ्ठी लिहायला लावायची. नाव नाही लिहायचं, फक्त आज काय समजलं नाही ते. पहिल्या दिवशी ५२ चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या १९ कोऱ्या. एकीवर लिहिलं होतं, 'सर तुमी खूप फास्ट बोलता'. आणि एकीवर, 'सगळच'.

२०१५ च्या दिवाळीच्या आधी तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली, आठवतं? तेव्हा लवचिकतेचा धडा होता. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, घरी वरण बंद झालं का कोणाच्या? वर्ग एकदम हसला. मग एकेक जण बोलायला लागला. बंद नाही झालं सर, पातळ झालं. आमच्याकडे बेसन वाढलं. आमच्याकडे मसूर आणतात आता. खेड्यावरून येणारा एक मुलगा म्हणाला, "आमच्या घरी तूर झालती सर, पण जानेवारीतच इकली. भाव वाढला तवा घरात दाना नोता." वर्ग शांत झाला. मागणीची लवचिकता, पर्यायी वस्तू आणि शेतकऱ्याला साठवता येत नसलं की भावाचा फायदा कोणाला, एवढं सगळं ४५ मिनिटांत झालं आणि मी फळ्यावर फक्त दोन आकृत्या काढल्या. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, पीक अमाप आलं आणि २०१७ मध्ये ५,०५० रुपयांच्या हमीभावासाठी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. तेव्हाच्या वर्गाला धड्याचा दुसरा भाग मिळाला. गडचिरोलीवाल्याची वही मी कपाटातून तेव्हा बाहेर काढली. अकरा वर्षं लागली.

निकाल एकदम शंभर टक्के लागला वगैरे काही नाही. नापास होणारे अजूनही होतात. फरक एवढाच की आता कोण होणार ते मला डिसेंबरात माहीत असतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझेच सहकारी म्हणतील की हा मोजमापावरच घसरला. मोजमाप नको असं मी म्हणणार नाही. आपल्या पगाराचा आकडा चौकात सगळ्यांना पाठ असतो आणि 'दिवसाला तीन तास काम' हे वाक्यही. पिवळ्या पडलेल्या नोट्स वीस-वीस वर्षं वाचून दाखवणारे मी पाहिलेत, मीही त्याच वाटेवर होतो. कोणीतरी विचारायलाच हवं. २०१८ च्या नियमांनी कॉलेजवाल्यांची ती गुणांची भानगड बरीचशी काढली. आता ८० टक्के किंवा जास्त वर्ग घेतले की 'चांगले', ७० ते ८० ला 'समाधानकारक'. म्हणजे वर्गात गेलो की नाही ते आता नीट मोजतात. आत काय झालं, ते मोजायला अजूनही कोणी येत नाही.

आणि आमच्या विभागात तासिका तत्त्वावर येणारी जी पोरं आहेत, त्यांचा विकास तर कोणत्याच गटात बसत नाही. नेट झालेली, पीएच.डी. झालेली. घेतलेल्या तासाचे पैसे, तेही कधीतरी, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. त्यांच्यापैकी एकीला गेल्या वर्षी म्हटलं, तुझ्या वर्गात बसू का? ती घाबरली. तिला वाटलं, तक्रार आली. मग मी म्हटलं, आधी तू माझ्या वर्गात बस आणि चुका लिहून काढ. तिने दोन पानं लिहून आणली. फारच मनापासून लिहिली होती! पण बरोबर होती.

सर २०२२ ला निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांच्या कार्याचा आढावा कोणीतरी वाचला, तो पाऊण पानाचा होता. सभागृहात मात्र उभं राहायला जागा नव्हती. परवा फाईलचं वजन त्यांना सांगितलं तर म्हणाले, "देऊन टाक. पद घे. घेतलंच पाह्यजे. फक्त ते फाईल तूच आहे असं समजू नको."

मागच्या महिन्यात राजराजेश्वराच्या देवळात ती मुलगी भेटली. मुलगी कसली, आता बाई. सोबत नऊ-दहा वर्षांचा मुलगा. मला पाहून वाकून नमस्कार केला, मुलालाही करायला लावला. "हे आमचे सर बरं," त्याला म्हणाली. आणि मला म्हणाली, "सर, याले मोठा झाला की तुमच्याच कॉलेजात टाकतो." मी काय बोललो ते आठवत नाही. हसलो असेन. तो कॉलेजात येईल तोवर माझी निवृत्ती जवळ आलेली असेल, हा हिशेब मात्र लगेच केला.

असो. काल संध्याकाळी झेरॉक्स आणायला गेलो. तीन गठ्ठे तयार होते. पोराने वर एक रबर लावलेलं जाडसर पाकीट ठेवलं.

"सर, हे तुमच्या पिशवीत होतं. चिठ्ठ्या आहेत बारीक-बारीक. याच्या बी काढाच्या होत्या का?"

मार्चमधल्या शेवटच्या तासाच्या होत्या. अजून वाचायच्या राहिल्या होत्या.

"नाही," म्हटलं, "त्या राहू दे."

उद्या फाईल द्यायला अमरावतीला जातोय. सकाळची गाडी आहे. चिठ्ठ्या सोबत घेतल्यात, दोन तास मिळतील वाचायला.